ग्रेप कोणत्या गावचा?

पडोळे सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. कॉलेजचं पत्र हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोणत्या गावची?"

"नागपूर."

"नागपूर तं लय मोठं आहे. गाव?"

"मौदा, सर."

"मौदा तालुका झाला. गाव सांग नं."

"पिपरी," मी शेवटी म्हटलं. कॉलेजच्या साडेतीन वर्षांत हे नाव मी कुणासमोर घेतलं नव्हतं. माझे बाबा मौद्याच्या वीज केंद्रातून राखेचा टँकर चालवतात आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात कुणी विचारलं की मी 'नागपूर' म्हणायची आणि विषय बदलायची.

"आता कसं," सर म्हणाले. त्यांनी पत्रावर माझ्या नावापुढे पेन्सिलीनं 'पिपरी' लिहिलं आणि त्या दिवसापासून मला त्याच नावानं हाक मारली. "पिपरी, इकडे ये वं." पहिला आठवडा मला तो अपमान वाटला. मग कळलं की सर गाव सगळ्यांनाच विचारतात. माणसांना, कोळशाच्या पोत्यांना आणि कमांडलासुद्धा.

आमच्या कोर्सला शेवटच्या वर्षी सहा महिने बाहेर काम करावं लागतं. मैत्रिणींना काचेच्या इमारती मिळाल्या. मला मिळाली कोळसा तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा. सावनेरकडच्या खाणींतून नमुने यायचे. ते दळायचे, जाळायचे, त्यातून किती उष्णता निघते ते मोजायचं आणि रिपोर्ट छापून द्यायचा. उष्णता मोजणारं यंत्र ज्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं त्याचं नाव कन्हान. जुन्या युनिक्सवर चालणारं, माझ्यापेक्षा वयानं मोठं मशीन. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एखादा शब्द टाइप करून हुकूम द्यायचा, म्हणजे कमांड द्यायची, आणि ते काय उत्तर देतं त्याची वाट पाहायची. सर तिला 'म्हातारी' म्हणायचे. कोळशाच्या धुळीपासून वाचावी म्हणून तिच्या अंगावर पडोळे काकूंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असायचं. बाहेरून आलेल्या माणसाला आधी वाटायचं की शिलाई मशीन आहे.

सर कॉम्प्युटर शिकलेले नव्हते. हातोड्यानं कोळसा फोडायच्या कामावर ते लागले. म्हातारी आली तेव्हा बसवायला आलेला इंजिनिअर चार दिवस राहिला. त्याला तर्री पोहे कुठं चांगले मिळतात हे फक्त सरांना माहीत होतं, म्हणून चारही दिवस ते त्याच्यासोबत होते. इंजिनिअर गेला आणि मशीन चालू कसं करायचं हे माहीत असलेला एकच माणूस मागे उरला. तेव्हापासून लोक त्यांना सर म्हणू लागले.

ते एका बोटानं टाइप करायचे. ओळ पूर्ण झाली की ती उलटीकडून, शेवटच्या अक्षरापासून वाचायचे. "पुढून वाचलं का डोळा आपल्या मनचं वाचते," असं त्यांचं म्हणणं. मग एंटर दाबायचे आणि तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखा हात मागे घ्यायचे. आणि कुठलीही कमांड पहिल्यांदा थेट कामाच्या ठिकाणी द्यायची नाही. त्यासाठी त्यांनी एक रिकामं फोल्डर ठेवलं होतं, त्याचं नाव अंगण. "पहिले अंगणात खेळू दे. काय करते ते पाहू. मंग घरात घेऊ."

माझं पहिलं भांडण ग्रेपशी झालं. ग्रेप म्हणजे फाइलमध्ये एखादा शब्द शोधून देणारी कमांड. माझ्या लॅपटॉपवर तिच्यापुढे एक छोटी खूण लिहिली की ती गुपचूप शोधते; सापडलं की नाही तेवढंच कळवते, बडबड करत नाही. तीच ओळ मी म्हातारीवर लिहिली. तिनं मलाच सुनावलं, की अशी खूण मी ओळखत नाही.

"सर, ग्रेप बिघडला आहे."

"कोणत्या गावचा ग्रेप?"

मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. पण सरांनी ड्रॉवरमधून एक डायरी काढली. बियाण्यांच्या कंपन्या दिवाळीत वाटतात तसल्या अकरा डायऱ्या त्यांच्याकडे होत्या, आणि त्यात म्हातारीवरच्या एकेका कमांडचा स्वभाव लिहून ठेवला होता. ग्रेपच्या पानावर तीन नावं होती. कारण म्हातारीवर तीन वेगवेगळ्या फोल्डरांत खरंच तीन ग्रेप राहत होते.

"हा पहिला, सावनेरचा," सर म्हणाले. "लय जुना. याले गुपचूप राहा म्हटलेलं समजतच नाही. मी सावनेरचाच आहे, मले माहीत आहे. हा दुसरा मौद्याचा. तालुक्याच्या कचेरीत नियम शिकून आला, म्हणून थोडंफार ऐकते. आन हा तिसरा. हा नागपुरात मनीषनगरले फ्लॅट घेऊन राहिला."

"म्हणजे?"

"मंग पाह्य नं. याले सप्पा, सगळंच समजते. पण तवापासून दोन डॅश लावून बोलते."

हे मात्र खरं होतं. नव्या धाटणीच्या कमांड एका अक्षराच्या खुणेऐवजी दोन डॅश देऊन लांबलचक शब्द घेतात. मी हसले, पण माझा प्रश्न सुटला नव्हता.

"मग आपण मनीषनगरचाच वापरू ना, सर."

"आन उद्या दुसऱ्या मशीनवर मनीषनगर नसलं तं? सावनेरवाल्यालेच सांग. तो बोलते तं बोलू दे. त्याचं बोलणं हिरीत टाक."

युनिक्समध्ये अशी एक जागा असते, जिथं टाकलेलं सगळं नाहीसं होतं. सर तिला विहीर म्हणायचे. मी ग्रेपची बडबड विहिरीत सोडली आणि काम झालं. डायरीत सरांनी त्या दिवशी तारीख घालून लिहिलं : 'पिपरीने ग्रेपवर राग केला. ग्रेपची चूक नव्हती. तो आपल्या गावासारखा वागत होता.'

प्रयोगशाळेचा कारभार मालकांचे चिरंजीव चेतनभाऊ पाहायचे. माणूस वाईट नव्हता, पण फुलाफुलांचं कव्हर दिसलं की त्यांचा चेहरा पडायचा. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ते आमच्या खोलीत आले. कोळशाच्या रिपोर्टचा नमुना बदलला होता आणि तीन महिन्यांनी बाहेरच्या संस्थेची तपासणी होती. जुना प्रोग्राम लिहून देणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. प्रोग्रामचा मजकूर तेवढा जपून ठेवलेला होता. तो बदलून म्हातारीवर नव्यानं उभा करायचा, म्हणजे बिल्ड करायचा, हे माझं काम.

"काका, तपासणीच्या आधी नवा रिपोर्ट या मशीनवर निघाला, तर मशीन राहील," चेतनभाऊ म्हणाले. "नाही निघाला, तर मशीन बी जाईल आणि..."

"आन मी बी," सरांनी वाक्य पूर्ण केलं. "बरं."

सरांची निवृत्ती होऊन गेली होती. म्हातारीसाठी म्हणून त्यांना दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. म्हातारी गेली की सरांना थांबायला कारण नव्हतं. मला त्या रात्री झोप आली नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, "मशीन इतकी जुनी आहे तं नवी घेत काहून नाही ते लोक?" सगळ्यांना हाच प्रश्न पडायचा. उष्णता मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम फक्त म्हातारीवरच चालतो, एवढं मी तिला सांगितलं.

बाहेरच्या हुशार माणसांवर सरांचा फारसा विश्वास नसायचा. त्याला कारण होतं. सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर ते मला ती गोष्ट नेहमी सांगायचे. दोन वर्षांपूर्वी चेतनभाऊंनी एक सल्लागार बोलावला होता.

"त्याचा एक प्रोग्राम अटकला," सर सांगायचे. "त्यानं लिवलं किलऑल, आन पुढं त्या प्रोग्रामचं नाव. मी म्हटलं, साहेब, पहिले अंगणात. तो म्हणे, काका, मी दहा वर्षांपासून हेच करून राहिलो. दाबलं एंटर."

"मग?"

"मंग काय? त्याच्या गावात किलऑल म्हणजे ज्याचं नाव घेतलं त्याले मारते. म्हातारीच्या गावात किलऑल म्हणजे सप्प्यायले मारते. नाव कोणाचं घेतलं ते पाहतच नाही. छपाई बंद, मोजणी बंद, त्याचं सोताचं लॉगिन बंद. सप्पा काळोख. आन तो मले इचारते, काका, लाईट गेली का?"

इथे ठेलेवालाही हसायचा. त्याने ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेली होती.

मी मोठ्या तोऱ्यात हसायची. आणि दीड महिन्यानं मी त्याच्याहून मोठं काम केलं.

माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रोग्राम उभा करून चालवण्यासाठी एकामागून एक द्यायच्या कमांडांच्या यादीत, मशीनचं नाव विचारणारी एक ओळ होती. माझ्या लॅपटॉपवर त्या कमांडपुढे डॅश एफ लिहिलं की ती मशीनचं पूर्ण नाव सांगते. म्हातारीकडे हीच कमांड नाव सांगतही नाही, विचारतही नाही. तिच्यापुढे जे लिहाल ते मशीनचं नाव ठेवून टाकते. सर जेवायला गेले होते. मी मुख्य लॉगिनवर होते, ज्याला सगळे अधिकार असतात. अंगणाची आठवण झाली नाही, असं नाही. एवढ्याशा ओळीला अंगण कशाला, असं वाटलं.

म्हातारीचं नाव डॅश एफ झालं. मला कळलंही नाही. रिपोर्टच्या डोक्यावर मशीनचं नाव छापलं जायचं, त्यामुळे दुपारभर खाणींना जे रिपोर्ट गेले त्या सगळ्यांवर कन्हानच्या जागी डॅश एफ होतं. साडेचारला एका खाणीवरून साहेबांचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर घेतला.

"पडोळेजी, हे डॅश एफ कोण नवे साहेब आले जी तुमच्याकडे? रिपोर्टवर नाव आहे, सही नाही."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओळीत तेच होतं; मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"साहेब, ते आजच्यापुरतेच होते," सर म्हणाले. "उद्यापासून जुन्याच मॅडम आहेत."

मला वाटलं आता मला कॉलेजात परत पाठवतील. मी बॅगही भरली. सरांनी त्या दुपारचे रिपोर्ट खाणींकडून परत मागवले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते स्टीलच्या डब्यात घुगऱ्या घेऊन आले. काकूंनी चणे भिजवून, शिजवून, फोडणी देऊन पाठवले होते.

"पुन्हा नाव ठेवाचं आहे, तं बारसं नको का?" ते म्हणाले. मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याच हातानं 'कन्हान' टाइप करायला लावलं. मी ओळ उलटीकडून वाचली. त्यांनी मान हलवली. मी एंटर दाबलं आणि आदल्या दुपारचे रिपोर्ट कन्हानच्या नावानं नव्यानं छापले. सरांनी प्रयोगशाळेतल्या इतर चौघांना आणि चेतनभाऊंना घुगऱ्या वाटल्या. चेतनभाऊंनी कशाच्या म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "पिपरीकडून." त्या बारशाबद्दल डायरीत काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही.

त्यानंतर मी सगळं त्यांच्या पद्धतीनं केलं. पद्धत एकच होती. "पंगतीत सगळ्यात म्हातारा माणूस कोण बसला ते पाह्याचं. त्याचे दात पाहून वरण शिजवाचं. जवान माणसं बी तेच खाते, त्यायचं काही बिघडत नाही." म्हणजे स्क्रिप्टमध्ये एकही ओळ अशी नको, जी म्हातारीला चावता येणार नाही. माझ्या लॅपटॉपवर सेड नावाची कमांड फाइल जागच्या जागी बदलते. म्हातारीची सेड तसं करत नाही, म्हणून दुसरी फाइल बनवून तिला पहिलीचं नाव द्यायचं. घडी केलेली, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल लॅपटॉप एका दमात उघडतो. म्हातारीला आधी घडी मोडून द्यायची, मग पसरायला सांगायचं. दोनशे चाळीस ओळींची स्क्रिप्ट आम्ही असं एकेक घास मऊ करत लिहिली. प्रत्येक ओळ आधी अंगणात.

तपासणीच्या आठ दिवस आधी म्हातारीनं नवा रिपोर्ट छापला. सरांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिला, जणू त्याच्या आत आणखी काही छापलं असेल.

मी आनंदात असायला हवी होती. पण मला एक भीती वाटू लागली होती. त्या संध्याकाळी, सर घरी गेल्यावर, मी स्क्रिप्टमध्ये एकशे नव्वदाव्या ओळीच्या आसपास एक ओळ गुपचूप घातली. मशीनचं नाव कन्हान नसेल तर तिथेच थांबायचं, एवढीच. सर स्क्रिप्टसुद्धा उलटीकडून, शेवटच्या ओळीपासून वाचतात हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत त्यांना ती सापडली.

"पिपरी, हे काय टाकलं वं?"

मी खरं सांगितलं. "सर, आपण इतकं मऊ शिजवलंय की हा प्रोग्राम आता कुठेही चालेल. माझ्या लॅपटॉपवरही. चेतनभाऊंच्या ते लक्षात आलं, तर म्हातारी कशाला ठेवतील? आणि मग तुम्हाला..."

सर म्हणाले, "तू कॉलेजात गाव काहून सांगत नव्हती?"

"गावची म्हटलं की दारातच थांबवतील असं वाटायचं."

"मंग तूच दारावर माणूस उभा केला ना. गाव पाहून थांबवणारा." त्यांनी कर्सर त्या ओळीवर नेला. "गाव इचाराचं ते चहात साखर किती टाकाची ते समजाले. हाकलाले नाही."

त्यांनी ओळ पुसली. हात मागे घेतला. मग फुलाफुलांचं कव्हर नीट केलं आणि जेवायला गेले.

तपासणीला एक मॅडम आल्या. काटेकोर, कमी बोलणाऱ्या. म्हातारीसमोर उभ्या राहून त्यांनी नवा रिपोर्ट निघताना पाहिला, आकडे जुळवले, सही करायला पेन उघडलं आणि विचारलं, "हे मशीन बंद पडलं तर?"

चेतनभाऊंनी सरांकडे पाहिलं.

"पर्यायी व्यवस्था दाखवता येत नसेल तर मी मान्यता देऊ शकणार नाही," मॅडम म्हणाल्या. पेन त्यांनी बंद केलं.

"पिपरी, तुहा लॅपटॉप काढ," सर म्हणाले.

त्यांनी ड्रॉवर उघडला. अकरा डायऱ्यांच्या खालून एक केबल काढली. यंत्राची जुनी जाड पिन एका बाजूला, लॅपटॉपची चपटी पिन दुसऱ्या बाजूला. प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं. ती त्यांनी केव्हा आणून ठेवली होती मला माहीत नाही. मी केबल जोडली आणि लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट उतरवली. एक अक्षरही बदललं नाही. एंटर सरांनी दाबलं. ओळीमागून ओळी सरकत गेल्या, कुठे अडल्या नाहीत. चार मिनिटांनी यंत्रातल्या कोळशाचा आकडा माझ्या पडद्यावर उमटला. म्हातारीनं दिला होता तोच, शेवटच्या दशांशापर्यंत.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

चेतनभाऊ आनंदानं मोठ्यानं बोलत मॅडमना दारापर्यंत सोडायला गेले. मग परत येऊन दारातच उभे राहिले, आणि लॅपटॉपकडे बघता बघता त्यांचं बोलणं थांबलं. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"काका, हे आधीच माहीत होतं तुम्हाला?"

"त्याच्याचसाठी तं दात पाहून शिजवलं," सर म्हणाले. "म्हातारी कधी ना कधी जाईनच. मांगच्यांनी उपाशी राहाचं का?"

दोन महिन्यांनी नवा कॉम्प्युटर आला. म्हातारी सरांनी स्वतः बंद केली. बंद करायची कमांडसुद्धा उलटीकडून वाचली. तिचा पंखा थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की शेजारच्या खोलीतली कोळसा दळायची चक्की ऐकू येऊ लागली. कव्हर त्यांनी घडी करून पिशवीत घातलं आणि डायऱ्या माझ्या हातात दिल्या. त्या आता माझ्याकडे आहेत. बारशाचं पान मी त्याच दिवशी वाचलं. तिथे एवढंच होतं : 'पिपरीने कबूल केले. शिकेल.'

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. ते आता मुलाच्या घरी राहतात. मनीषनगरला, सहाव्या मजल्यावर. दार उघडून त्यांनी आत आवाज दिला, "पिपरी आली वं." काकूंनी दोन चमचे साखर घातलेला चहा दिला; पिपरीकडे चहा गोड लागतो हे त्यांना सांगून ठेवलेलं होतं. हॉलमधल्या मिक्सरवर फुलाफुलांचं कव्हर होतं.

"नोकरीच्या फॉर्मवर गाव काय लिवलं?"

"पिपरी, तालुका मौदा."

"आता कसं. आन मनीषनगरात राहून मी बी बिघडलो. वॉचमनसंग दोन डॅश लावून बोलतो." वॉचमन कोणत्या गावचा हे त्यांना अर्थातच माहीत होतं. बालाघाटकडचा.

निघताना ते लिफ्टपर्यंत आले. लिफ्ट आली, दार उघडलं. मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला. आत वाकून तळमजल्याचं बटण दाबलं आणि हात पटकन मागे घेतला. लिफ्ट रिकामीच खाली गेली. दारावरचे आकडे एकेक करून उतरताना ते मान वर करून पाहत उभे राहिले. सहा, पाच, चार. आकडा शून्यावर थांबला. त्यांनी बाहेरचं बटण दाबलं आणि तो चढू लागला. लिफ्ट परत आली, दार उघडलं. त्यांनी आत डोकं घालून चारही कोपरे पाहून घेतले.

"हं," ते म्हणाले. "जाय आता."